ठेकेदाराच्या पैशातून मित्राचं स्मारक करावं का?

प्रश्न : ताई, नमस्कार. मी सांगली जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहतो. आमच्या गावचा वायरमन, माझा शाळेपासूनचा मित्र, मागच्या मृगात पोलवर गेला. वादळात तार तुटली होती. रात्री साडेनऊच्या सुमारास तो जंपर (तारा जोडणारा वायरचा तुकडा) जोडायला चढला आणि लाईन चालू झाली. वय ३४. अकरा वर्षं कंत्राटीच होता. घरात आई, बायको, सहावीतली मुलगी आणि दोन वर्षांचा मुलगा. आता वर्षश्राद्ध जवळ आलंय. गावानं एसटी स्टँडजवळच्या चौकात त्याचा अर्धपुतळा बसवायचं ठरवलंय. ठेकेदार दोन लाख देतो म्हणतोय, फक्त कोनशिलेवर ‘सौजन्य’ म्हणून त्याचं नाव हवं. मित्राचा थोरला भाऊ तयार आहे. पण त्याच भावाकडून कळलं, की ठेकेदारानं वहिनींची एका स्टॅम्पपेपरवर सही मागितलीय, ‘आमची काही तक्रार नाही’ अशी. वहिनी काहीच बोलत नाहीत. पोरं म्हणतात पुतळ्यापेक्षा वाचनालय करू, सरपंच म्हणतात कमान करू. काय करावं? आणखी एक. त्या संध्याकाळी मीच त्याला दोनदा फोन केला होता, लाईट कधी येणार म्हणून.
– एक मित्र

उत्तर : भाऊ, पत्रातली शेवटची ओळ मी बाजूला ठेवतेय. विसरले नाही, तिच्याकडे येते. आधी तो स्टॅम्पपेपर.

हे वाचून झालं की उठा आणि वहिनींच्या घरी जा. सही करायची नाही, एवढंच सांगा. सही आधीच झाली असेल तर घाबरू नका म्हणावं. कामावर मृत्यू आल्यास भरपाईचा हक्क १९२३च्या कर्मचारी नुकसानभरपाई कायद्यानं दिलेला आहे, आणि तो हक्क सोडून देणारा कुठलाही करार त्याच कायद्याच्या १७व्या कलमानं रद्दबातल ठरतो. पाचशेच्या स्टॅम्पवर लिहिला म्हणून त्याला जोर येत नाही. मृत्यूच्या प्रकरणात भरपाईची रक्कम घरच्यांच्या हातात परस्पर द्यायचीच नसते. ती नुकसानभरपाई आयुक्तांकडे जमा करायची, आणि बायको, मुलं, विधवा आई यांच्यात तिची वाटणी आयुक्त करतात. थोरल्या भावानं वहिनींच्या वतीनं घेतली, त्यानंच वाटली, असं त्यात बसत नाही. भावाबद्दल मला वाईट बोलायचं नाही. पण घरातला कर्ता पुरुष पुढे होतो आणि बाई आतल्या खोलीत राहते, हे आपण सगळ्यांनी पाहिलेलं आहे.

आता हिशेब. पगाराचा निम्मा भाग गुणिले वयाचा आकडा, असं हे गणित आहे. ३४ वर्षांसाठी कायद्याच्या तक्त्यातला आकडा आहे १९९.४०. पगार जास्त असला तरी हिशेबाला महिना १५ हजारच धरतात. निम्मे साडेसात हजार, त्याला १९९.४० नं गुणा. १४ लाख ९५ हजार ५०० रुपये होतात. पगार १५ हजारांहून कमी असेल तर तेवढ्या प्रमाणात कमी. महिन्याभरात रक्कम भरली नाही तर वर्षाला १२ टक्के व्याज, आणि कारण नसताना टाळाटाळ केली तर वर ५० टक्क्यांपर्यंत दंड. ठेकेदार हात वर करायला लागला तरी ज्या वीज कंपनीचं काम चालू होतं तिच्याकडे मागता येते. १२वं कलम त्यासाठीच आहे. कंपनीनं मग ठेकेदाराकडून वसूल करावं, तो त्यांचा आपसातला प्रश्न.

दोन लाखांचा पुतळा द्यायचा आणि पंधरा लाखांची सही घ्यायची. ठेकेदाराला व्यवहार कळतो.

काही गोष्टी तपासून घ्या. पगारातून ईएसआय (कामगार राज्य विमा) कापला जात असेल तर हा कायदा लागत नाही, त्याऐवजी ईएसआयकडून घरच्यांना दरमहा रक्कम मिळते. पीएफ कापला जात असेल तर त्यात साठलेले पैसे, वहिनींना आणि मुलांना पेन्शन, आणि सलग वर्षभर नोकरी झालेली असल्यास किमान अडीच लाख ते जास्तीत जास्त सात लाखांचा विमा, हे सगळं भरपाईपेक्षा वेगळं आहे. कंत्राटी माणसाच्या घरी हा विमा असतो हेच बहुतेकांना माहीत नसतं. पगाराची चिठ्ठी, बँकेचं पासबुक, पोलिसांचा पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल, एवढं एका पिशवीत घाला. दाव्याला दोन वर्षांची मुदत असते. तुमचं एक वर्ष हारतुऱ्यांच्या चर्चेत गेलंच आहे. १९२३चा कायदा आता सामाजिक सुरक्षा संहितेत विलीन झालाय. अपघाताच्या तारखेला कोणता लागू होता ते वकील सांगेल. आणि वकिलाची फी कुठून आणायची हा प्रश्न नको. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण बाईमाणसाला उत्पन्न न विचारता वकील देतं. जिल्हा न्यायालयाच्या आवारात त्यांचं कार्यालय असतं.

आता पुतळ्याकडे.

माझ्या माहेरच्या गावात असा एक अर्धपुतळा आहे. विहिरीच्या कामावर सुरुंग उडून गेलेल्या एका माणसाचा. मी लहान असताना बसवला. फायबरचा, वरून सोनेरी रंग. वर्षातून एकदा हार पडतो. फुलं वाळून गळून जातात आणि हाराची तार पुढच्या वर्षापर्यंत गळ्यात तशीच राहते. त्यांची बायको आमच्याकडे भांडी घासायला यायची. एकदा आईनं विचारलं, की आता येता-जाता बघून बरं वाटत असेल ना. त्या म्हणाल्या, ‘वैनी, त्ये त्येंच्यावानी दिसतच न्हाई.’ बाकी काही नाही, एवढंच. पुतळा म्हटलं की मला अजून ती तार आणि ते वाक्य आठवतं, तेव्हा माझं मत जरा कललेलं आहे असं समजूनच पुढचं वाचा.

पण मत सोडा, नियम बघा. रस्ता, पदपथ आणि सार्वजनिक वापराच्या जागी नव्या पुतळ्याला परवानगी देऊ नये, असा सर्वोच्च न्यायालयाचा १८ जानेवारी २०१३चा आदेश आहे. एसटी स्टँडजवळचा चौक त्यात येतो की नाही, तुम्हीच सांगा. शिवाय पुतळ्याला ग्रामपंचायतीचा ठराव पुरत नाही. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, मातीच्या मॉडेलला कला संचालनालयाची मान्यता लागते. रातोरात बसवलेला पुतळा नंतर पोलीस बंदोबस्तात झाकून ठेवायची वेळ येते. तुमच्या मित्राचं असं व्हावं असं तुम्हाला वाटत नसणार. कमानीचं तर बोलूच नये. कमानीवर मधोमध गेलेल्याचं नाव आणि दोन्ही खांबांवर निवडून आलेल्यांचे फोटो. वाचनालय चांगलं, पण कुलपाची किल्ली कुणाकडे राहणार ते आधी ठरवा.

मी काय म्हणते, तर एक दगड बसवा. काळ्या पाषाणाची उभी शिळा, माणसाच्या छातीइतकी. तुमच्या भागात वीरगळ, म्हणजे लढताना मेलेल्या वीरांचे दगड, बघितले असतील. देवळाच्या मागे, पिंपळाच्या पारावर टेकवून ठेवलेले, शेंदूर फासलेले. खालच्या चौकटीत लढाई, मधल्या चौकटीत अप्सरा त्याला घेऊन चालल्यात, वरच्या चौकटीत तो शिवलिंगासमोर हात जोडून बसलाय. हा सन्मान फक्त राजाच्या सैनिकांचा नव्हता. गावाची गुरं पळवून नेणाऱ्यांना अडवताना मेलेल्यांचेही वीरगळ आहेत, म्हणजे गावाच्या कामावर मेलेले. मुंबईत बोरिवलीजवळ एकसरला जहाजांची लढाई कोरलेले वीरगळ आहेत, काय बारीक काम आहे. पण महाराष्ट्रातल्या बहुतेक वीरगळांवर अक्षर नाही. कोण होता, कशात गेला, कुणालाच सांगता येत नाही. म्हणून लोक शेंदूर लावतात आणि देव समजून पुढे जातात.

तुमच्या दगडावर अक्षरं हवीत. माझ्या मते सगळं स्मारक त्या मजकुरातच आहे. ‘शहीद’ लिहू नका. भावना कळते, पण शहीद म्हटलं की मारणारा शत्रू सीमेपलीकडचा होतो, आणि मग कुणी कुणाला काही विचारायचं राहत नाही. लाईन चालू झाली, असं तुम्ही लिहिलंय. भाऊ, लाईन आपणहून चालू होत नाही. सबस्टेशनच्या ऑपरेटरकडून लाईन क्लिअरचं परमिट, म्हणजे लाईन बंद असल्याची परवानगी घ्यायची, एबी स्विच (पोलवरचा लाईन तोडणारा स्विच) उघडून त्याला कुलूप घालायचं, टेस्टरनं बघायचं, दोन्ही बाजूंनी डिस्चार्ज रॉड लावून अर्थिंग करायचं, म्हणजे तारेतली वीज जमिनीत उतरवायची, मग बेल्ट लावून चढायचं, आणि परमिट ज्यानं घेतलं त्यानंच परत केल्याशिवाय फीडर (सबस्टेशनमधून निघणारी लाईन) चालू करायचा नाही, ही पद्धत आहे. यातली एखादी कडी त्या रात्री तुटली. डिस्चार्ज रॉड त्याला दिलेला होता का? परमिट लेखी होतं का तोंडी? की कुणाच्या पोल्ट्रीच्या, कार्यालयाच्या जनरेटरची वीज उलटी लाईनवर आली? जनरेटर लाईनपासून वेगळा ठेवणारा चेंजओव्हर स्विच न बसवता जनरेटर लावणारे प्रत्येक गावात असतात. अशा प्रत्येक अपघाताची चौकशी विद्युत निरीक्षक करतात. वीज कायदा २००३च्या १६१व्या कलमात ती तरतूद आहे. तो अहवाल वहिनींच्या नावानं मागा, माहितीच्या अधिकारात मागा. भरपाईलाही तो लागेल आणि दगडालाही.

मुंबईचं एक उदाहरण सांगते. १४ एप्रिल १९४४ला व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टायकिन’ जहाजाला आग लागली. पोटात कापसाच्या गासड्या आणि शेकडो टन स्फोटकं. स्फोटकं असल्याची खूण म्हणून लावायचा लाल बावटा वर नव्हता. अग्निशमन दलाची माणसं दुपारपासून पाणी मारत होती. चार वाजून सहा मिनिटांनी जहाज फुटलं. दलाचे ६६ जण गेले. त्यांचं स्मारक भायखळ्याला दलाच्या मुख्यालयात आहे, त्यांच्या कामाच्या जागी, जिथून बंब निघतात तिथे. आणि दर वर्षी १४ ते २० एप्रिल देशभर अग्निशमन सेवा सप्ताह पाळतात. छातीवर छोटे झेंडे लावतात, आणि शाळा-सोसायट्यांमधून आग कशी विझवायची ते शिकवतात. ऐंशी वर्षं झाली तरी तारीख टिकली, कारण तिला काम जोडलेलं आहे. तुमच्याकडेही मृगाच्या आधीचा आठवडा त्याच्या नावाचा करता येईल. तारांवर आलेल्या फांद्या तोडायच्या, गावातला प्रत्येक जनरेटर जाऊन बघायचा. ४ मार्चला लाइनमन दिवसही असतो. मात्र हातमोजे आणि रॉड गावानं वर्गणी काढून द्यायचे नाहीत. ते देणं कंपनीचं आणि ठेकेदाराचं काम आहे. ग्रामसभेचा ठराव करून मागा आणि मिळाले की नाही ते पुढच्या ग्रामसभेत विचारा.

(स्मारक दगडाचंच हवं असंही नाही म्हणा. तुकाराम ओंबळे यांचा पुतळा गिरगाव चौपाटीवर आहे, पण मला भावतो तो कोळी. ठाणे-कल्याण भागात सापडलेल्या उड्या मारणाऱ्या कोळ्याच्या एका नव्या जातीला २०२१ मध्ये अभ्यासकांनी ‘आयसियस तुकारामी’ असं नाव दिलं.)

ठेकेदाराचे पैसे? नको. दावा निकाली निघेपर्यंत तर एक रुपयाही नको. नंतर त्याला द्यायचेच असतील तर त्यानं वर्गणीच्या पावतीवर द्यावेत, गावातला शेतमजूर देईल त्याच रांगेत. दगडावर ‘सौजन्य’ येणार नाही. शिळेला फार खर्च येत नाही. पाथरवटाकडे जाऊन विचारा, फायबरच्या पुतळ्यापेक्षा स्वस्त पडेल. वर्गणी काढायची तर गणेशोत्सवाला मंडळं काढतात तशी धर्मादाय कार्यालयाची परवानगी काढा, खातं दोघांच्या सहीचं उघडा. उरलेले पैसे मुलांच्या नावावर ठेव म्हणून टाका.

आणि वहिनी. त्या बोलत नाहीत असं तुम्ही लिहिता, पण त्यांना विचारलं कुठे आणि कसं? ओसरीवर बारा बाप्ये बसलेत, दीर मध्ये, आणि आतून चहा पाठवणाऱ्या बाईला कुणीतरी मोठ्यानं विचारतो, ‘चालेल ना वहिनी?’ यावर ती काय बोलणार? तुमच्या घरातल्या कुणा बाईला पाठवा. दुपारी, भांडी झाल्यावर, चुलीशेजारी बसून विचारू दे. मुलीला शाळेला सोडायला त्या रोज त्याच चौकातून जात असतील, तर रोज सकाळी त्यांना तो दगड तिथे हवा आहे का? कोणता फोटो नको आहे? गावातल्या गावात सगळे त्याला ज्या नावानं हाक मारायचे ते नाव दगडावर आलेलं चालेल का? माझ्या अनुभवात वायरमनचं खरं नाव गावात कुणाला माहीतच नसतं. सासूबाईंनाही वेगळं विचारा, आईचं दुःख सुनेच्या दुःखात धरून चालत नाही.

जागाही त्यांच्याच तोंडून येऊ दे. तो दुपारचा डबा कुठे खायचा? एखादा पार असेल, ग्रामपंचायतीच्या भिंतीची सावली असेल. रस्त्याच्या हद्दीबाहेर, पंचायतीच्या जागेत, ठराव करून तिथे उभा करा. अनावरणाला आमदार आले तर स्वागत करा, खुर्ची द्या. पण पडदा त्या दोघी बायकांनी बाजूला करायचा. तेव्हा कुणी म्हणेल की नारळ सवाष्णीच्या हातून फुटू दे. कोल्हापूर जिल्ह्यातलं हेरवाड तुमच्यापासून लांब नाही. मे २०२२ मध्ये त्या ग्रामपंचायतीनं विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला आणि राज्य सरकारनं इतर गावांनी तसंच करावं म्हणून परिपत्रक काढलं. असं म्हणणाऱ्याला हेरवाडचं नाव सांगा.

मजकूर तुम्ही मागितला नाहीत, तरी मी एक लिहून पाठवते. बदला हवा तसा.

‘(नाव), वायरमन. अकरा वर्षं या गावाची वीज सांभाळली. वादळात तुटलेली तार जोडत असताना, बंद ठेवलेली लाईन चालू झाल्यानं (तारीख) रोजी रात्री कामावर मृत्यू. परमिट आणि अर्थिंग असल्याशिवाय या गावात कुणी पोलवर चढणार नाही. चढलेल्याला कुणी घाई करणार नाही.’

अहवालातून वेगळं काही निघालं तर मधलं वाक्य त्याप्रमाणे लिहा. कुणाचं नाव घेऊन आरोप दगडावर कोरू नका, त्यासाठी न्यायालय आहे. पण घडलं ते गाळूही नका.

दगडावरचं शेवटचं वाक्य तुमच्या फोनसाठी आहे. अंधारात बसलेला माणूस वायरमनला फोन करतो. मीही करते, आणि पलीकडच्यानं उचलला नाही तर चिडते. त्या रात्री तुमच्यासारखे कितीतरी फोन त्याला गेले असतील. तो तुमच्या फोननं गेला नाही, लाईन चालू झाली म्हणून गेला. पण गावाची घाई त्याच्या मागे लागलेली होती, हे खोटं नाही, आणि तुम्हाला ते टोचतंय ते बरंच आहे. त्या टोचणीला पुतळ्याखाली पुरू नका. तिचा उपयोग आहे.

तुमचा एखादा फोन उचलला होता का त्यानं? काय म्हणाला? ‘परमिट घेतलंय, चढतोच आता’ असं काही? की ‘ऑपरेटर फोन उचलत नाही’ असं? तो त्या वेळी कामावर होता, कुणाच्या सांगण्यावरून होता, लाईन बंद आहे असं त्याला वाटत होतं की नव्हतं, हे सांगणारा जिवंत माणूस बहुधा तुम्ही एकटेच आहात. उद्या कंपनी आणि ठेकेदार म्हणतील की ड्युटी संपल्यावर तो आपल्या मर्जीनं चढला. तेव्हा वहिनींच्या बाजूनं तुमचे ते दोन फोनच उभे राहतील. आजच रात्री बसा आणि आठवेल तसं लिहून काढा, किती वाजता केला, तो काय बोलला, मागे कसला आवाज येत होता, सगळं. खाली तारीख घालून सही करा. फोनमध्ये कॉलची यादी अजून असेल तर फोटो काढून ठेवा. नसेल तर मोबाइल कंपनीकडे ती नोंद ठराविक काळच राहते, न्यायालयामार्फत मागवायची म्हणून वकिलाला पहिल्याच भेटीत सांगा. आणि फोन बदलायचा विचार असेल तर जुना विकू नका.